दोन तुकड्यांची रायफल

आसावरीला स्वयंपाक कितपत येतो हे सासरी कुणी विचारलं नव्हतं. सासऱ्यांनी, केसरीनाथ अप्पांनी, फक्त तिचे हात पाहिले होते. लग्नानंतरचा पहिला दसरा. अप्पांनी तिला समोर बसवलं, एक लांबोडकी चामड्याची पेटी ओढली आणि म्हणाले, "तू सायन्सची टीचर ना? काचेची भांडी हाताळतेस. मग हे तुला जमेल. माझी बोटं आता वाकत नाहीत, आणि श्रीनाथच्या हाती दिलं तर तो घरात आग लावेल."

पेटी उघडली तसा आतून वास आला. जुनं चामडं, बुरशी, बंदुकीचं तेल, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी काहीतरी खवट, तुपाचं भांडं महिनाभर न घासता ठेवावं तसं. अप्पांचे वडील रायफलीला रानडुकराची चरबी चोळत असत. इतक्या वर्षांनीही ती लाकडात मुरलेली होती. आसावरीला नाकाला पदर लावावासा वाटला, पण नवी सून होती. हात पुढे केले.

रायफल अमेरिकन होती, शंभर वर्षांहून जुनी. देश सोडून निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून अप्पांच्या वडिलांनी ती घेतली होती. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस नळीत चढायचं. आणि तिची खुबी म्हणजे ती मधोमध सुटायची. दोन तुकडे करून पेटीत घातली की बैलगाडीत बसायच्या फळीखाली मावत असे.

अप्पांनी त्या दिवशी तिला सगळं शिकवलं. आधी कडी खाली, नळीत डोकावायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. डोळ्यावर विश्वास नाही, बोटावर ठेवायचा. कडी चार वेळा खाली-वर करून काडतुसांची नळी रिकामी असल्याची खात्री करायची. मग त्या नळीच्या टोकाची इवलीशी दांडी उचलायची, तिने नळी फिरवून सैल करायची आणि चार बोटं पुढे ओढायची. कडी उघडीच ठेवायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. मग मोठी नळी धरून पाव फेरा. जोर नाही लावायचा. नीट केलं तर ती आपसूक हातात येते.

तिच्या हातात आली. अप्पा खूश झाले. तेव्हापासून अठ्ठावीस दसरे आसावरीने ती रायफल सोडवली, पुसली, तेल लावलं, जोडून पाटावर ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. मग साबणाने तीनदा हात धुतले. तरी त्या दिवशीच्या श्रीखंडाला तिला तोच वास यायचा. घरात पाहुणे आले की अप्पा अभिमानाने सांगत, "आमची सून रायफल उघडते बरं का." पाहुणे कौतुकाने तिच्या हातांकडे बघत, आणि तिला ते हात पदराखाली लपवावेसे वाटत.

आता अप्पा सत्त्याऐंशीचे झाले होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. धामणकर नाक्याजवळच्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात हॉलमध्येच त्यांची कॉट टाकली होती. त्यांना उठवणं-बसवणं, अंग पुसणं, दाढी करणं यासाठी बुधी यायची. बुधी त्रेपन्न वर्षांची, डोंगराकडच्या पाड्यावरची. तिची लेक दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला होती, तिच्याबरोबर ती इकडे राहायला आली होती. कमी बोलायची. अप्पा तिला "ए" म्हणून हाक मारत. दोन वर्षांत त्यांनी तिचं नाव घेतल्याचं आसावरीने ऐकलं नव्हतं.

अप्पांच्या या अवस्थेत परवाना पुढे चालणं शक्य नव्हतं. म्हणून रायफल नातवाच्या, सुयशच्या नावावर करायचं ठरलं. सुयश आसावरीचा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा. पूर्णा गावात मित्राबरोबर ट्रान्सपोर्टचा धंदा करायचा. गोदामातल्या त्याच्या एसी केबिनमध्ये खुर्चीच्या मागे काचेच्या कपाटात रायफल लावायचं त्याच्या मनात होतं. अर्ज झाला होता. नंबर तपासायला रायफल मंगळवारी पोलीस ठाण्यात घेऊन या, असा निरोप होता.

सोमवारी सकाळी आसावरीने हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं आणि रायफल पेटीत भरण्यासाठी सोडवायला घेतली. बुधी गरम पाण्याची बादली घेऊन अप्पांचा निर्जीव पाय पुसत होती. सुयश मोबाईल धरून उभा होता.

"अप्पा, आज फुल स्टोरी सांगा," तो म्हणाला. "मी शूट करतोय. एकदम खतरनाक वाली."

अप्पांना प्रेक्षक मिळाला की चढायचंच. त्यांनी आधी दोन डुकरांची, मग भेकराची गोष्ट सांगितली. सगळ्या जुन्याच. सुयशने मोबाईल खाली घेतला तसे ते घाईने म्हणाले, "थांब, खरी मजा ऐक. एक दोन पायांचं डुक्करसुद्धा मारलंय मी."

सुयशने मोबाईल पुन्हा वर केला.

"सत्तर सालचा हिवाळा. तानसेच्या रानात हाकारा लावला होता. चाळीस जण तीन बाजूंनी डबे बडवत येत होते, चौथ्या बाजूला आम्ही चौघे बंदुका घेऊन. माझ्यासमोरचं झुडूप हललं. मी कडी ओढली नि झाडली. एका गोळीत गार. जाऊन बघतो तर डुक्कर कसलं, हाकाऱ्यांचा म्होरक्या निघाला. वाघ्या त्याचं नाव." अप्पा हसायला लागले. तोंडाच्या वाकड्या बाजूने लाळ ओघळली. "काळाकुट्ट, उघडाबंब, झुडपात वाकलेला. आता डुकरात नि त्याच्यात फरक काय कळणार, सांग."

सुयशही हसला. खदखदून नाही, पण हसला. "मग, केस नाही झाली?"

"केस कसली? तिथला पाटील आपल्यातला. दारू पिऊन हाकाऱ्यात झोपला होता, डुकराने फाडला, असा पंचनामा केला. मी वर पोतंभर तांदूळ पाठवला त्याच्या बायकोला. कोण देतं एवढं?"

आसावरीने नुकताच पाव फेरा दिला होता. रायफलीचे दोन तुकडे तिच्या दोन हातांत होते. तिची नजर बुधीकडे गेली. बुधीचा ओला हात अप्पांच्या गुडघ्यावर थांबला होता. मग बुधीने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, कॉटच्या कडेवर वाळत घालावं तसं नीट पसरलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

आसावरीने दोन्ही तुकडे वर्तमानपत्रावर टाकले, पिंजऱ्यातला मेलेला उंदीर झटकावा तसे, आणि तिच्यामागे गेली.

बुधी ओट्याला टेकून उभी होती. रडत नव्हती.

"बुधीबाई, काय झालं?"

"वाघ्या माजा बा," बुधी म्हणाली. "त्यो मेला तवा मी आईच्या पोटात होते."

आसावरीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"आईनं त्याला धुतलेला. ती सांगं, डुकरानं फाडला तं पोट फाटंल, मांडी फाटंल. याला पाठीत एवढासा भोक." तिने करंगळीचं टोक दाखवलं. "गोली लागली ते आमाला ठाव होता. कोनाची ते ठाव न्हवता. चार सायब होते. पन बाई, माजा बा पीत न्हवता. तोंडाला लावत न्हवता. कागदावं दारुड्या लिवला, मंग समदं तेच बोलाया लागलं. म्होरक्या पिऊन झोपला म्हून सायब लोकांनी पाड्याला हाकाऱ्याला बोलवायचं बंद केला, मजुरी गेली. माजे आईला पान्यावं कोनी पुडं येऊ देत न्हवता. पाड्यात कोन्या पोराचा नाव वाघ्या ठेवला न्हाय अजून."

बाहेरून अप्पांचा आवाज आला, "ए, पाणी गार झालं."

बुधीने पदर खोचलेला होता तो सोडला. "आंगूळ अर्धी राहिली," ती म्हणाली. "बाकीची तू घाल." आणि चपला घालून जिना उतरली.

उरलेली अंघोळ आसावरीने घातली. वर्गात बेडूक चिरून दाखवताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. त्या सकाळी सासऱ्यांच्या छातीवरचे पांढरे केस, काखेतला आंबूस वास, सुरकुत्यांत अडकलेली पावडर हे सगळं तिच्या बोटांना नको झालं. त्या हाताने, त्या उजव्या धडधाकट हाताने कडी ओढली होती. ती तो हात बोटाबोटांमधून पुसत होती आणि अप्पा डोळे मिटून सुखाने उसासत होते.

"ती कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"अप्पा, ती वाघ्याची मुलगी आहे."

अप्पांनी डोळे उघडले. आसावरीला वाटलं, आता काहीतरी बोलतील. निदान गप्प तरी बसतील. ते म्हणाले, "आणि दोन वर्षं बोलली नाही? रोज वस्तरा असतो तिच्या हातात, माझ्या गळ्याला लावते. पुन्हा घरात घेऊ नका तिला."

आसावरी बाथरूममध्ये गेली आणि तिला उलटी झाली. सकाळचा चहा, पोहे, सगळं पडलं.

संध्याकाळी श्रीनाथ आला. तो दस्तऐवजांची कामं करणारा वकील. शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आसावरीने सगळं सांगितलं. तो बूट काढत राहिला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. विचारलं नाही.

"घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत होतं. जुनी गोष्ट आहे. तू बाहेरून आलीस म्हणून तुझ्यासमोर विषय निघाला नाही."

"अठ्ठावीस वर्षं मी बाहेरूनच आले का? तुमच्या घरातल्या पुरुषांपैकी एकानेही त्या रायफलीला हात लावला नाही. माझ्याकडून पुसून घेतलीत. हळदकुंकू वाहायला लावलंत."

"आता काय करायचं म्हणतेस? चोपन्न वर्षं झाली. त्या सुयशला तेवढं सांग, तो व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाक म्हणावं."

सुयशने तो सकाळीच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. खाली पुण्याच्या चुलत्याने हसून लोळणारी तोंडं पाठवली होती, एका आत्येबहिणीने "अप्पा इज लेजंड" लिहिलं होतं. शेवटी वडिलांनीच फोन केल्यावर सुयशने व्हिडिओ काढला. पण आसावरीने तो त्याआधीच आपल्या मोबाईलमध्ये ठेवून घेतला होता.

मंगळवारी सकाळी सुयश तिच्यापुढे उभा राहिला. "आई, एकदा जोडून दे ना. ठाण्यात नेण्याआधी फोटो काढायचाय."

"मी त्या वस्तूला हात लावणार नाही."

"अगं, दोन मिनिटांचं काम."

"मग तूच कर."

तो बसला. असे व्हिडिओ मोबाईलवर पाहिले होते त्याने, जमेल असं त्याला वाटलं. त्याने कडी बंद केली, नळी दस्त्याच्या तुकड्याला लावली आणि फिरवायला लागला. ती फिरेना. आसावरी दारात उभी राहून बघत होती. कडी उघड, एवढे दोन शब्द तिच्या जिभेवर होते. ती बोलली नाही. सुयशने गुडघ्यात दस्ता दाबला, नळीला फडकं गुंडाळलं आणि सगळा जोर लावला. आत कट्ट आवाज झाला. काडतूस बाहेर खेचणारा पोलादी आकडा तुटून वर्तमानपत्रावर पडला, नखाएवढा.

कॉटवरून अप्पांना तो आवाज कळला. ते रडायला लागले. "माझी रायफल मोडली, कार्ट्यांनो, माझी रायफल मोडली," म्हणत लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. वाघ्याचं सांगताना ज्या तोंडातून हसू सांडलं होतं त्याच तोंडातून आता रडू सांडत होतं. आसावरीला त्यांची दया आली असती तर बरं झालं असतं. तिला फक्त शिसारी आली, आणि त्यांच्याइतकीच स्वतःचीही, कारण तो कट्ट आवाज तिला गोड लागला होता.

ती श्रीनाथकडे गेली. "अर्ज बदल. सुयशच्या नावावर नको. रायफल सरकारजमा करायची आणि परवाना रद्द करून घ्यायचा."

"तडकाफडकी असं काही—"

"नाहीतर मी तो व्हिडिओ घेऊन तुमच्याआधी ठाण्यात जाते."

श्रीनाथने तिच्याकडे पाहिलं. बायको पोकळ धमकी देत नाही, एवढं तो अठ्ठावीस वर्षांत शिकला होता. दुपारपर्यंत त्याने नवा अर्ज टाइप केला. अप्पांना पेन धरवत नव्हतं म्हणून त्यांचा उजवा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला तेव्हा त्यांनी मजकूर वाचून घेतला, शिव्या दिल्या, आणि शेवटी "मोडकी ठेवून तरी काय करू," म्हणून अंगठा दिला. ठाण्यातल्या हवालदाराने दोन तुकडे उलटेपालटे करून पाहिले, नंबर लिहून घेतला, पोचपावती दिली. पेटीही ठेवून घेतली.

बुधी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आसावरीच तिच्या लेकीच्या खोलीवर गेली.

"पोलिसात जायचं असलं तर मी साक्ष देईन," ती म्हणाली. "व्हिडिओ आहे माझ्याकडे."

बुधीने मान हलवली. "म्हातारा उद्या मरंल, तुजं कोर्ट धा वरसांनी बोलंल. मना ता नको. माजी आई गेली. पन माजी रंगूआत्या जिती हाय, बाची बहीन. तिला आयकव."

रविवारी दोघी शेअर रिक्षा आणि मग टमटम करून पाड्यावर गेल्या. शेवटचा चढ पायी होता. रंगूबाई अंगणात बसून वाल सोलत होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालेली. बुधीने तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. म्हातारीने वाल ठेवलेलं सूप बाजूला सारलं.

आसावरीने मोबाईल तिच्या हातात न देता कानाजवळ धरला आणि लावला. अप्पांचा आवाज त्या अंगणात ऐकताना तिला मान वर करवेना. आजूबाजूच्या घरांतून माणसं येऊन उभी राहिली. दारूचं वाक्य आलं तशी रंगूबाईने हात वर केला. "परत लाव."

परत लावला. तिसऱ्यांदा म्हातारी म्हणाली, "मोट्यानं लाव, समद्यांना आयकू दे."

ऐकून झालं तेव्हा एक म्हातारा डोक्याचं फडकं काढून हातात घेऊन उभा होता. रंगूबाईने मोबाईलच्या दिशेने बोट केलं.

"त्यो सांगनारा तुजा सासरा," ती म्हणाली. "ह्यो मंदी हासतो त्यो कोन?"

आसावरीला खोटं बोलता आलं असतं. म्हातारीला दिसत नव्हतं.

"माझा मुलगा," ती म्हणाली.

रंगूबाईने मान डोलावली, जशी काही तिने तांदळाचा भाव सांगितला होता. मग गर्दीकडे वळून म्हणाली, "आयकला? वाघ्या पीत न्हवता. भिवा, तू माज्या वयनीला काय काय बोललास, ता आज आठव." फडकं काढलेल्या म्हाताऱ्याने मान खाली घातली.

आसावरीला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बुधीने तेवढं तिच्याकडून ते बोलणं आपल्या लेकीच्या मोबाईलवर पाठवून घेतलं. टमटमपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "मी आता तुज्याकडं येनार न्हाय. दुसरा मानूस बग." आसावरी हो म्हणाली.

घरी पोचली तेव्हा श्रीनाथ बाहेर गेला होता आणि सुयश स्वयंपाकघरात एकटा जेवत होता. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि रंगूबाईने काय विचारलं ते त्याला सांगितलं, शब्दाला शब्द.

सुयशचा घास हातात राहिला. "आई, मला काय माहीत ती त्याची मुलगी आहे म्हणून? ती तिथेच बसली होती. माहीत असतं तर—"

"तर हसला नसतास?"

तो ताटाकडे बघत राहिला. आमटीवर साय धरली. मग हॉलमधून अप्पांनी पेजेसाठी हाक मारली, दोनदा, तिसऱ्यांदा चिडून. ती उठली, पेज वाटीत ओतली, फुंकर घालून निववली आणि भरवायला गेली. अप्पा तोंड उघडून वाट बघत होते.